अर्नाळ्याला पाणी येतं तेव्हा

घरात पलंग असताना वाळूत जाऊन झोपायचं, यात लोकांना काय मजा येते ते मला अजून कळलेलं नाही. तरी दोन रात्री राहून आले. कारण आमच्या ह्यांनी कंपनी सोडल्यापासून एकच धोशा लावला होता. अर्नाळ्याला तंबू लावायचे, मुंबईच्या लोकांना पोराबाळांसकट आणून झोपवायचं, आणि स्वयंपाक अर्थातच मी करायचा. मी म्हटलं, "आधी आपण राहून बघू. मग सांगते."

"तू हो म्हणालीस तरच करीन," हे म्हणाले. वर देवाची शपथ घेतली. म्हणजे उद्या नाही म्हटलं तर वाईट मीच.

जानेवारीत निघालो. आचोळ्याहून विरार पश्चिमेपर्यंत रिक्षा, तिथून अर्नाळ्याची बस. जाणार असाल तर सकाळची पहिली बस धरा, नंतर कोळणींच्या टोपल्यांमध्ये उभं राहायलाही जागा नसते. शेअर रिक्षा मिळते, पण भाव बसायच्या आधी विचारा. वाटेत आगाशीला पाव आणि केळी घेऊन ठेवा. थंडी म्हणजे काय विचारू नका, समुद्रावरचा वारा स्वेटरमधून आरपार जातो. ज्यांना गार वाऱ्याचं कौतुक आहे त्यांनी जरूर जावं.

किनारा लांबलचक. वरच्या अंगाला सुरूची झाडं, त्याखाली बोंबील वाळत घातलेल्या काठ्या आणि तो वास. ह्यांनी नाक मुरडलं आणि खाली, पाण्याच्या बाजूला एक जागा पसंत केली. वाळू कडक, सपाट, एक काडी नाही की पावलाचा ठसा नाही. "बघ, किती स्वच्छ ठेवतात," म्हणाले. मलाही ती जागा आवडली, खोटं कशाला बोलू?

तंबू उभा करताना बोंबलांच्या काठ्यांकडून एक म्हातारी कोळीण हाका मारत आली. हिराबाय तिचं नाव, ते नंतर कळलं.

"बाय, हतं नको राहू. दुपारला पानी येल."

"किती वाजता?" मी विचारलं.

"बाराच्या सुमाराला. आज मोटं पानी हाय."

मी खूश. आमच्याकडे आचोळ्याला पाणी येतं म्हणजे नळाला. तेही दिवसाआड, करंगळीएवढं. आणि इथे मोठं पाणी! हे म्हणाले, "म्हणजे फोर्सने येत असणार." त्या बाईने दोनदा मान हलवली, आम्हीही हलवली, आणि ती गेली. मी दोन कॅन आणि पातेली धुवून तंबूबाहेर रांगेत मांडली. रांगेत पहिला नंबर आपला, कारण दुसरं कोणी नव्हतंच. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

हे झाडांकडे नळ शोधायला गेले. मी तंबूची चेन लावून आडवी झाले, रात्रभर डबे भरण्यात झोप झाली नव्हती. जाग आली तेव्हा पाठीखालची सतरंजी ओली. मला वाटलं कॅन लवंडला. मग अख्खा तंबू हलला आणि गुडघ्याएवढं पाणी आत आलं. चेन ओढते तर वाळू अडकलेली, हलेना. मी ओरडले. तोंडात खारट पाणी गेलं.

कोयत्याने तंबूचं कापड टराटरा फाडून मला बाहेर ओढलं ते हिराबायने. हे मागून धावत आले आणि पहिलं काय धरलं, तर तंबूचा खांब!

वर झाडांखाली पोचल्यावर ती म्हणाली, "पानी येल सांगलं नाय तुला?"

"आम्हाला वाटलं नळाला येणार."

"नलाला?"

"म्हणून पातेली मांडून ठेवली होती."

ती बघतच राहिली. मग वाळूत फतकल मारून इतकी हसली की तिला श्वास घेता येईना. बाकीच्या बायकांना ओरडून सांगितलं, "अगो, समिंदराला पातेली लावली यांनी!" त्या हसल्या. शेवटी मीही हसले. हे नाही हसले. ते पाण्यात तरंगणाऱ्या पातेल्याकडे बघत होते.

रात्र सुरूखाली काढली, फाटका तंबू पांघरून. जेवायला हिराबायकडचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तिथलं तेवढंच मनापासून चांगलं म्हणेन. दुसऱ्या दिवशी ह्यांनी हट्टाने भुईगावला नेलं मला, म्हणे तिथे काळे खडक आहेत, लोकांना आवडतात. खडक आहेत. कालवांच्या शिंपांनी तळपाय कापतो असे आहेत, जाड चपला घालून जा. पण तिथे ह्यांनी तंबूचं नावसुद्धा काढलं नाही. कालवं काढणाऱ्या बायकांना विचारत बसले, पाणी कुठवर येतं, कधी येतं. अमावास्या, पौर्णिमा सगळं विचारलं. मी आपली टेकून बसले. दुसरी रात्रही तशीच उघड्यावर गेली, कंबर धरली ती अजून धरलेली आहे.

घरी आल्यावर आंघोळ करून चहा टाकला. हे समोर येऊन बसले.

"मग? हो की नाही?"

"नाही."

"तंबू शिवून घेईन."

"तंबूचं नाही हो. आपण दोघं एवढे मोठे घोडे, ती बाई तोंडावर सांगून गेली आणि 'कसलं पाणी' एवढं विचारावंसं वाटलं नाही. ना तुम्हाला, ना मला. उद्या त्या चेनच्या आत कोणाचं चार वर्षांचं पोर असेल."

चहा निवला. मला वाटलं भांडतील, भांडले असते तर बरं झालं असतं.

आता दर रविवारी एकटेच अर्नाळ्याला जातात. कशाला, विचारलं तर म्हणतात, मासळी आणायला. संध्याकाळी पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली करून येतात, खिशात पाण्याच्या वेळा लिहिलेला कागद. मासळी अजून एकदाही घरात आलेली नाही, आणि मी विचारायचं सोडून दिलं आहे.