मर्टल गॅरडची किल्ली

"फुकटचा चहा पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, बुटांकडे बघावं."

मर्टल गॅरड हे सगळ्यांना ऐकवायची. टपालवाल्याला, पाद्रीणबाईंना, आणि एकदा तर खुद्द बिशपला. बिशपच्या हातात तेव्हा तिनेच दिलेला कप होता. तो बिचारा मुकाट्याने खाली वाकून आपल्याच पायांकडे बघत राहिला.

हे बोल काही आभाळातून पडले नव्हते. तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, पिवळी जाकिटं घातलेली माणसं मार्लिंगहो गावच्या सेंट बोटॉल्फ चर्चपुढे गाडीतून उतरली. छप्पर तपासायला पाठवलंय म्हणाली. मर्टलनेच त्यांना दार उघडून दिलं, मर्टलनेच चहा केला, वर आल्याचा केकही दिला. संध्याकाळी केकची ताटली न्यायला ती परत आली, तर छपराच्या उत्तरेकडच्या पाख्यावरचा जुना, महागडा शिशाचा पत्रा केळ्याची साल सोलावी तसा सोलून नेलेला. ताटली मात्र स्वच्छ धुऊन ठेवली होती. मग तिला आठवलं, छपरावर चढणाऱ्या त्या माणसांचे बूट नव्या नवरदेवासारखे चकचकीत होते.

तेव्हापासून चर्चची वीतभर लोखंडी किल्ली तिच्या कोटाच्या उजव्या खिशात गेली ती गेलीच. खिशाचं अस्तर फाटलं, तिने आतून जाड कापड लावलं. किल्लीच्या भाराने तिचा उजवा खांदा उतरला. एकाच वल्ह्याने हाकलेल्या होडीसारखी ती गावातून चालायची. दार उघडायचं ते रविवारी, प्रार्थनेपुरतं. शेवटचं स्तोत्र संपायच्या आत ती दाराशी उभी, कोण काय घेऊन बाहेर पडतंय ते बघायला.

या सगळ्याचा ताप होता तो सिरिल थर्लोला. चर्चची देखभाल बघणारे वॉर्डन दोन, एक मर्टल आणि दुसरा तो. शाळेत एका बाकावर बसलेले दोघं. शिसं गेलं त्या जागी आता डांबरी कापड होतं. पावसात आत बादल्या ठेवाव्या लागत, आणि छतातल्या लाकडी देवदूतांच्या पंखांवरून पाणी ओघळत राही. फाटकाशी सिरिलने रंगवलेला तापमापीचा फळा उभा होता. जमलेल्या पैशांचा लाल पारा अर्ध्याच्याही खाली अडकलेला. केक विकून झाले, पबमध्ये कोड्यांची संध्याकाळ झाली, पबवाल्या लेनीनेही पैसे घातले. "देवाशी माझं पटत नाही," तो म्हणायचा, "पण त्या मनोऱ्याने माझं काय वाकडं केलंय?"

जुन्या चर्चना मदत करणारी जिल्ह्याची संस्था छपरासाठी मोठी रक्कम द्यायला तयार होती. अट एकच. उजेड आहे तोवर चर्च रोज उघडं हवं, कुणालाही आत येता यावं. दोन्ही वॉर्डनांचा होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. नाहीतर पैसे दुसऱ्या गावाला जाणार, आणि आणखी एक हिवाळा त्या डांबरी कापडाने काढला नसता. मग चर्च कायमचंच बंद.

"अगं, विमावाले सुद्धा म्हणतात," सिरिलने शेवटचा प्रयत्न केला, "उघड्या चर्चमध्ये चोऱ्या कमी होतात."

"म्हणजे चोराला 'या, बसा' म्हटलं की तो लाजून परत जातो?"

"माणसांची येजा असली की चोर बिचकतो, मर्टल."

"त्या दिवशी होती की येजा. मीच करत होते, चहा घेऊन."

हे बोलणं चाललं होतं ते चर्चच्या दगडी देवडीत, सप्टेंबरातल्या त्या शनिवारी. या दिवशी जिल्हाभरातले लोक सायकलीने नाहीतर पायी या चर्चवरून त्या चर्चला जातात. शेजारीपाजाऱ्यांनी दर चर्चमागे काही पैसे द्यायचं कबूल केलेलं असतं. अर्धं आपल्या चर्चला, अर्धं त्या संस्थेला. प्रत्येक चर्चपाशी कुणीतरी बसून कार्डावर सही देतं. दारं सगळीकडे सताड उघडी असतात. मार्लिंगहोला मात्र मर्टलने देवडीत टेबल मांडून आतल्या दाराला कुलूप घातलं होतं. देवडीच्या बाहेरच्या भिंतीवर तिच्याच हातची पाटी होती: चिखलाचे बूट बाहेर काढावेत.

आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता. सायकलवाले आले, सरबत पिऊन, बिस्किटं खाऊन गेले. मर्टलने प्रत्येकाचे पाय बघितले. चिखल दिसला की सही.

दुपार कलताना एक उंच म्हातारा देवडीत शिरला. पाठीला पिशवी, हातात कार्ड. पायांत काळे, पॉलिश केलेले बूट.

मर्टलने चहा ओतला. नजर खालीच.

"चालत आलात?"

"चालतच. बिटांच्या शेतांमधून."

"चिखल असेल."

"विचारू नका."

"नाही विचारत," मर्टल म्हणाली आणि तिने टेबलाखालून सिरिलच्या नडगीवर पायाने ढोसलं.

म्हाताऱ्याने घोट घेतला, दाराकडे बघितलं. "देवदूत बघायला मिळतील का? बरंच ऐकलंय."

"कुणाकडून?"

"अं... असंच."

"आत ओल आहे."

"एरवी कधी उघडं असतं?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

सिरिलने डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याने कार्ड पुढे केलं. मर्टलने पेन उचललं, झाकण लावलं आणि खाली ठेवलं.

"इथे चालत आलेल्यांना सही मिळते. पबमागे गाडी लावून आलेल्यांना नाही. तुमच्या शेजाऱ्यांना फसवा, सेंट बोटॉल्फला नाही."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. चहा छान होता म्हणाला, कप बशीत नीट ठेवला आणि बाहेर पडला.

"मर्टल, काय केलंस हे!"

"कप बघ कसा ठेवलाय. त्या ताटलीसारखा. आणि बघ, फाटकाकडे नाही गेला. मागे वळला. त्या छपराकडे!" ती किल्ली मुठीत धरून धावली, सिरिल तिच्यामागे.

देवडीच्या मागे, बुटक्या भिंतीवर म्हातारा बसला होता. एका पायात काळा बूट, दुसऱ्या पायात घोट्यापर्यंत चिखलाने माखलेला जाडजूड बूट. त्याची तो नाडी बांधत होता.

"हे काय?" मर्टल म्हणाली.

"बूट," तो म्हणाला. "वाटेवर हे घालतो, चर्चपाशी ते. बाकीच्या पाट्या 'कृपया' म्हणतात. तुमची हुकूम सोडते. म्हटलं, इथे तरी चुकायला नको."

कावळे ओरडत होते. मर्टलने त्या बुटाकडे बघितलं, चिखलात अडकलेल्या बिटाच्या पानाकडे बघितलं.

"कार्ड द्या," ती शेवटी म्हणाली. भिंतीवर ठेवून सही केली, पेन कागदात रुतेल अशी. मग देवडीत येऊन तिने किल्ली कुलपात घातली. दार कण्हत उघडलं.

"देवदूत बघायचेत ना? मग बूट पुन्हा बदला."

म्हाताऱ्याने निमूटपणे पुन्हा काळे बूट चढवले, चिखलाची जोडी देवडीच्या पायरीशी ठेवली आणि आत गेला. ओल्या दगडांवरून त्याची पावलं दूर जात राहिली. मग तो कुठल्यातरी बाकावर बसला असावा, आवाज थांबला.

सिरिलला वाटलं, मर्टल आता दाराशी पहारा देईल. तिने किल्ली कुलपातून काढली, खिशात टाकली, डोक्याचा रुमाल घट्ट केला.

"पाद्रीणबाईंना कळव, रोज उघडेन म्हणून. अंधार पडला की लावेन. कुलूप मीच लावणार."

"अगं, आणि हा आत आहे त्याचं काय?"

"असू दे. मला कोंबड्यांना दाणे टाकायचेत." मग आवाज खाली आणून: "चिखलाचे बूट दुसऱ्याचेही असू शकतात, सिरिल. लक्षात ठेव."

ती पायरी उतरली. चिखलाच्या जोडीपाशी थबकली, वाकून एक बूट उचलला, उलटा करून तळवा बघितला, आत हात घालून चाचपला. मग जोडीला जोड लावून, टाचा भिंतीकडे करून, नीट ठेवला. उतरलेला उजवा खांदा पुढे काढत ती थडग्यांमधल्या वाटेने निघाली, त्या तापमापीच्या फळ्यावरून, फाटकाबाहेर. मागे दार सताड उघडं होतं. ती कुंपणाच्या वळणाआड जाईपर्यंत सिरिल उघड्या दारात उभा राहून बघत होता. तिने एकदाही वळून बघितलं नाही.