विबेकेची मंजुरी

ब्योर्नलुंड शहराच्या पाणीपुरवठा संस्थेत विबेके स्कोऊला बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तिने एकच काम केलं. घरोघरच्या मीटरचा डेटा हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये कुणी काही बदल केला, की मंगळवारी सकाळी तो आपल्या हाताने चालू यंत्रणेत चढवायचा. छापील यादी, पेन्सिल, प्रत्येक पायरीपुढे खूण. एकदा ती आजारी असताना दुसऱ्याने घाई केली आणि चाळीस हजार घरांचा पाणीवापर शून्य दिसू लागला. ते निस्तरण्यात तिचे तीन दिवस गेले. तेव्हापासून ती ताकही फुंकून पिऊ लागली.

पुढे सगळा डेटा क्लाउडवर गेला. साहेबीण लोने म्हणाली, "विबेके, आता बदल आपोआप चढायला हवेत. आणि हे तूच उभं कर. तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

आपलंच काम आपल्या हाताने यंत्राला द्यायचं. विबेकेने ते इमानदारीने केलं, यात शंका नाही. कुणी बदल लिहिला की यंत्र तो तपासायचं, थोड्या मीटरांवर चालवून बघायचं, मग सगळ्या डेटाच्या नकलेवर, आणि शेवटी खऱ्या यंत्रणेत चढवायचं. अर्ध्या दिवसाचं काम सहा मिनिटांत. फक्त शेवटच्या पायरीआधी तिने एक दार ठेवलं: विबेकेच्या मंजुरीशिवाय पुढे जायचं नाही.

शेजारच्या टेबलावरचा आस्गर हसला. "अगं, आपोआप म्हणतेस आणि दाराशी स्वतःच ठाण मांडून बसतेस?"

"बसणार. तुझ्यासारखे उतावळे आहेत ना इथे."

मंजुरी देणारं दुसरं नाव घालायचं ती पुढे ढकलत राहिली. आपल्यावाचून अडलं तर बरं, असं तिला मनातून वाटत होतं. फक्त ते ती स्वतःशीही कबूल करत नव्हती.

जुलैत ती तीन आठवडे समुद्राकाठच्या उन्हाळी घरी गेली. खिडक्या रंगवल्या, हेरिंग मासा आणि नवे बटाटे खाल्ले. फोन खिडकीत पडून होता, एकदाही वाजला नाही. नवऱ्याला ती अभिमानाने म्हणाली, "बघ प्रेबेन, एक फोन नाही. चोख झालंय काम!"

परतली तर दाराशी सतरा बदल खोळंबले होते. सगळ्यात जुना आस्गरचा होता, अकरा दिवसांपूर्वीचा. जुन्या मीटरवरची बारीक गळती यंत्रणेला दिसत नव्हती, त्यावरची ती दुरुस्ती होती. त्या अकरा दिवसांत, असाच जुना मीटर असलेल्या एगॉन नावाच्या ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघराखाली पाणी झिरपत राहिलं. जमिनीच्या फळ्या फुगल्या, त्या उखडाव्या लागल्या, आणि तो आता लेकीकडे राहत होता.

"मला फोन का नाही केलास?" विबेकेचा आवाज चढला.

"सुट्टीवरच्या माणसाला?" आस्गर खरोखरच चकित झाला. "तू मला केला असतास?"

नसता केला. बावीस वर्षांत तिने कुणालाच केला नव्हता.

"मग दार बाजूला करायचं होतंस!"

"बाई, तू बांधलेलं दार आहे ते. आमच्याने हललं असतं होय?"

कुणी तिला बोल लावला नाही. दोष पद्धतीचा, माणसाचा नाही, एवढं म्हणून लोनेने कॉफी ओतली. कुणीतरी खरमरीत बोललं असतं तर बरं झालं असतं, असं विबेकेला वाटलं. जो चुकेल त्याने केक आणायचा, हा तिथला रिवाज. तिने वेलदोड्याचा केक केला. सगळ्यांनी ताव मारला, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

मग तिने नवा नियम लिहिला: पाचजणांपैकी कुणाही दोघांची मंजुरी पुरे. दहा मिनिटांचं काम. तो बदलही तिच्याच दाराशी येऊन थांबला. तिने मंजुरी दिली.

थोड्या वेळाने आस्गरचा पुढचा बदल निघाला. दोघांनी होकार दिला, सहा मिनिटांत तो चढला. तिला कुणी विचारलं नाही.

"पुढच्या जुलैत निवांत जा हं," आस्गर प्रेमाने म्हणाला.

"जाईन की."

एगॉनच्या घराची तिला मनापासून लाज वाटत होती. पण त्या दुपारी तिला रडू आलं ते त्याच्या घरासाठी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.