रावजीचे एकशे पंधरा रत्तल

रावजी मांडवकर काट्यावर नव्व्याण्णव रत्तल भरला आणि मुंबईच्या बोट कंपनीतल्या डॉक्टरने त्याचा कागद बाजूला सारला. "भट्टीत कोळसा टाकायचाय, पतंग उडवायचा नाही. एकशे पंधरा होऊन ये, होळीनंतर." ही एकोणीसशे चौतीसच्या श्रावणातली गोष्ट. आगवाल्याची ती नोकरी मिळाली तर रावजी जग बघणार होता. नाही मिळाली तर पुन्हा गिरणी, आणि गिरणीतल्या कापसाच्या धुरळ्यानेच तर दोन वर्षांत त्याचं चिपाड झालं होतं.

पण माणूस जिद्दीचा. रत्नागिरीला घरी परतला नि दुसऱ्याच दिवशी तालमीत उतरला. रोज दोनशे जोर, तीनशे बैठका. तालमीतल्या मास्तरांकडे व्यायामाचं एक मासिक यायचं. त्यात एक नवाच शब्द होता, उष्मांक. अन्नातून अंगाला किती ताकद मिळते त्याचं ते माप. मेहनत करून मांस चढवायचं तर रोज तीन हजार उष्मांक पोटात गेले पाहिजेत, असं त्यात छापलेलं. रावजीने पेन्सिल काढली. तांदूळ पन्नास तोळे, म्हणजे झाले दोन हजार. उरलेले हजार त्याने कुळीथ, खोबरं, गूळ नि सुकट यांत बसवले. बदाम-तूप खाणाऱ्या देशावरच्या पैलवानांनी तोंडात बोट घालावं असा चोख हिशोब!

बायको तुळसा अक्षरशत्रू, पण माप तिच्या हातात होतं. ठरलं तेवढंच मोजून रोज रांधायची. दोन महिन्यांनी रावजी बंदरावरच्या वखारीत जाऊन काट्यावर बसला. भरला एकशे एक. वखारीतले हमाल पोट धरून हसले.

घरी आला तो धुमसतच. मासिक खोटं, मास्तर खोटा, आपलं नशीबच खोटं! मास्तरांचं मासिक तो चुलीत घालायला निघाला, तेव्हा तुळसाने त्याचा हात धरला.

"अवो, हिशोब खरा हाय तुमचा. पन जरा म्हशीकडं बगा."

गोठ्यातली म्हैस तर तेल लावल्यागत चकाकत होती.

"भाताची पेज रोज तिच्या घमेल्यात जाते, मूठमूठ शितं घेऊन. तुमीच बोल्लात नव्हं, मोकळा भात कर, पेज नको म्हनून? मोजायचं तुमच्या नावावर, नि अंगाला लागायचं तिच्या!"

रावजीने हातातलं मासिक खाली ठेवलं. मुंबई बघून आल्यापासून त्याला पेज हलकी वाटायला लागली होती. पेज नांगरणीवाल्यांनी प्यावी, आपण पाणी काढलेला पांढराशुभ्र भात खावा! कोकणी माणसाला जरा शहराचं वारं लागलं की आधी पेजेचीच लाज वाटते. दैव देतं नि कर्म नेतं, ते असं.

लाज गिळली आणि पेज प्यायला लागला. दाट, मीठ घातलेली, वर भाजलेली सुकट. तालमीला एक दिवस खाडा नाही. दिवाळीला एकशे सहा, संक्रांतीला एकशे बारा. दंड भरले, बंडीची बटणं लागेनात. तुळसाने ती हसत हसत पुढे सरकवून लावली आणि एकदा कुणाला न सांगता नवऱ्याची दृष्टही काढली.

होळी झाली. कंपनीच्या दारात तीस जणांची रांग होती. रावजी काट्यावर चढला. एकशे अठरा! डॉक्टरने काटा ठोकून बघितला, त्याला उतरवून पुन्हा चढवला. एकशे अठराच.

"शाबास! कुठल्या उस्तादाचं हे काम?"

त्या काळी पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. फार तर 'घरातली' म्हणायचा आणि खाली बघायचा. रावजीने मान ताठ केली.

"तुळसा," तो म्हणाला. "तुळसा रावजी मांडवकर, मुक्काम रत्नागिरी. माझी बायको."

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. रावजी तिकडे वळला आणि ते नाव त्याने पुन्हा एकदा घेतलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.