साडेपाचनंतरचा फोन

कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न घेण्याचा नोकराला हक्क असावा, असं हल्ली लोक बोलतात तेव्हा मला हसू येतं. आमच्या वेळी असला हक्क कुणी दिला नव्हता. मी तो वसूल केला, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

नव्वदीची मधली वर्षं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. ड्युटी नऊ ते साडेपाच. घर पोलादपूरच्या अलीकडच्या एका गावात. गावात फोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते, आणि आमच्या साहेबांनी मात्र खटपट करून महिन्याभरात माझ्या घरी फोन बसवून दिला. बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं, मी पेढे वाटले. मूर्ख होतो.

त्याच वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं बोबडं झालं. दिवसा ते बायकोच्या हातून पेज घ्यायचे, पण संध्याकाळचा भात माझ्याच हातून. गिळायला त्रास व्हायचा, तासभर लागायचा. तो तास आम्हा दोघांचा होता. साहेबांना तो रिकामा वाटला.

सात वाजले की घंटा. अमका व्हॉल्व्ह कुठल्या रॅकवर? गॅस्केटं किती उरलीत? रजिस्टर त्यांच्याच टेबलावर पडलेलं असायचं, पण पान उलटायचे कष्ट कोण घेणार! कधी तर सरळ जीप पाठवायचे, म्हणे येऊनच दाखव. एका संध्याकाळी मी बाबांना भरवत असताना घंटा वाजली. मी अजून उठलोही नव्हतो. बाबांनी तोंड मिटलं आणि डाव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवलं. त्यांना सवय झाली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भांडलो असतो तर नोकरी गेली असती, म्हणून भांडलो नाही. पण या माणसाचा सूड घ्यायचा, हे तिथेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी गावभर सांगितलं, आमचा नंबर तुमच्या माणसांना खुशाल द्या, फोन आला की आम्ही बोलावू, नाहीतर ओटीवर येऊनच बसा. वेळ मात्र संध्याकाळची. कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाचा नवरा कुवेतला. आठवड्याभरात ओटी बायकांनी भरून गेली आणि लाइन कायम एंगेज. साहेबांचा फोन चुकून लागलाच, तर उचलायला चार हात पुढे. एकदा एका म्हातारीने त्यांना सुनावलं, "ठेवा वो, लाइन अडवू नका. माज्या पोराचा फोन यायचा हाय." मी आत भरवत होतो. हसू दाबताना माझ्या हातातला घास सांडला.

कारखान्यात साहेबांनी विचारलं की मी साळसूदपणे म्हणायचो, "गावात एवढा एकच फोन, साहेब. लोकांना नाही कसं म्हणायचं?" त्यांचा चेहरा बघून मला दुपारचा डबा गोड लागायचा.

महिन्याभराने, एका संध्याकाळी, ते स्वतःच जीप घेऊन दारात हजर. ओटीवर बायका दाटीवाटीने बसलेल्या. साहेब पायरीवरूनच ओरडले, "फोन कंपनीचा आहे. उद्याच काढून नेतो!"

न्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मोहल्ल्यातली एक भाभी पुढे झाली. तिच्या नवऱ्याचा कुवेतहून दर शुक्रवारी फोन यायचा. ती शांतपणे म्हणाली, "न्या की. पन मंग तुमच्या घरचा नंबर द्या. शुक्रवारी मी तुमच्या ओटीवर येऊन बसते."

"मला पन द्या," म्हातारी म्हणाली. "माजं पोरगं रोज करतं." मग एकेकीने हात पुढे केला. कुणीतरी तर भिंतीवरच्या कॅलेंडरला अडकवलेलं पेनही साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते तसंच बाकावर ठेवलं.

ते माझ्याकडे वळले. "बस जीपमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे."

"बाबा जेवतायत," मी म्हणालो. "त्यांचं झालं की बघतो. बसा तुम्ही." आणि आत वळलो. साहेबांना बसायला बायकांनी बाकाचं टोक दिलं.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. एरवी वाटीभर मऊभात त्यांना जड जायचा. तेवढा संपला, मी ताट उचलणार, तर ते दाराकडे बघत म्हणाले, "वाढ." आजारपणानंतर इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी वाढलं. ते मुद्दाम सावकाश चावत राहिले. बाहेर साहेब पुन्हा पुन्हा घड्याळ बघताना मला दिसत होते. बाबांनी आणखी भात मागितला.

शेवटी जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आवाज वळणापलीकडे गेला, तसा बाबांनी तोंडातला घास माझ्या हातावर काढून ठेवला. पोट त्यांचं केव्हाच भरलं होतं.