विषाशिवाय

आमचे गोळीवाले सर प्रयोगशाळेतली रसायनं चाखून पाहतात, अशी अमरावतीच्या आमच्या कॉलेजात आवई होती. खरं तर त्यांनी एकदाच एक गोळी खाल्ली होती, आणि तीही माझ्या वडिलांसमोर.

झालं असं, की बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात बेन्झॉइन करायचं होतं. कडू बदामाच्या वासाच्या तेलाचे दोन-दोन रेणू जोडायचे, आणि त्याला सायनाइड लागे. मी भोळेपणानं हे घरी सांगितलं. वडील म्हणाले, "जहराशी खेळाले नाही धाडली तुले. आता घरीच राय."

कळताच सर पॅसेंजरनं अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी आले. सायनाइडचं काम बी-वन जीवनसत्त्वही करतं, असं त्यांनी एका परदेशी मासिकात नुकतंच वाचलं होतं. खिशातून बी-वनची गोळी काढून त्यांनी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. "हे पाहा भाऊ, याच्यानंच करू. मी मेलो, त पोरीले पाठवू नका." वडिलांनाही हसू आलं. "महिनाभर पाहतो. नाही जमलं, त पोरगी वापस."

सरांचं सांगणं मोठं गोड. "दोन्ही रेणू मागनारे, हात पसरून बसलेले. देनारा कोनीच नाही, मग जुळन कसं? बी-वनमधल्या एका कार्बनचा हायड्रोजन निघाला, की त्याच्यापाशी इलेक्ट्रॉनची जोडी मोकळी रायते. तो एका रेणूले धरते, त्याले देनारा बनवते. दोघं जुळले, की हा चालला पुढच्या जोडीकडे."

पण स्फटिक काही येईनात. रोज गोळ्या कुटायच्या, मिश्रण मांडायचं, आणि सकाळी नुसतं पिवळं पाणी. तीन आठवडे गेले. माझा धीर सुटला, मी त्यांच्यासमोरच रडले. "रडतं काहून? त्याले ऊन लागून राह्यलं," सर म्हणाले. कॉस्टिक सोडा घातला, की बी-वनला मार्चातला उकाडा सोसत नाही. त्यांनी चंबू स्टाफरूमच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरला. त्या माठाचं पाणी मग कोणीही प्यायलं नाही.

चौथ्या दिवशी चंबूत पांढऱ्या सुया चमकल्या. सरांनी आधी माठ धुऊन सगळ्यांसाठी ताजं पाणी भरलं, मग मला हाक मारली. चिमूटभर स्फटिक कुपीत घालून ते स्वतः वडिलांना देऊन आले.

मी शिकले, पुढे शिकवू लागले. सर गेल्याचं मात्र मला फार उशिरा कळलं; ती चुटपुट अजून जात नाही. वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत ती कुपी सापडली. चिठ्ठीवर सरांचं अक्षर होतं: "बेन्झॉइन. विषाशिवाय. करणारी –" आणि पुढे माझं नाव.

मी तर फक्त गोळ्या कुटल्या होत्या.