ब्याण्णव गुणांचा अहवाल

रस्ते खात्यात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. हाती आलेला कागद टोचल्याशिवाय पुढे सोडायची नाही, म्हणून. तेवीस वर्षं एकाच टेबलावर काढली. तेवढ्या काळात तीन साहेब निवृत्त झाले आणि चौथ्याला ती डोळ्यांसमोर नको होती.

या चौथ्या साहेबांनी एका सकाळी चारशे पानांचा अहवाल तिच्यापुढे आदळला. महामार्गावरच्या टोल नाक्याला एक जलद लेन होती. गर्दी वाढली की तिचा दर वाढायचा, म्हणजे लोक आपसूक साध्या लेनकडे वळतील, अशी योजना. लोक काही वळत नव्हते. का वळत नाहीत हे शोधायला एका संशोधन संस्थेला दोन वर्षांचं कंत्राट दिलं होतं. आता त्या कामाचं मूल्यमापन करायचं होतं.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत गुण भरून द्या," साहेब म्हणाले. "वाचत बसू नका."

"न वाचता गुण कसे देऊ?"

"फॉर्ममध्ये आहे ना सगळं!"

होतं खरं. अहवाल वेळेत आला का, तक्ते किती, बांधणी कशी, प्रत्येकाला वेगळे गुण. निष्कर्ष बरोबर आहे का, हा रकाना छापायचाच राहिला होता.

टाचणीबाईने अहवाल घरी नेला आणि भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचू लागली. नवरा पावाची व्हॅन चालवायचा, रोज चार वेळा त्याच रस्त्याने. चौऱ्याहत्तराव्या पानावर 'चालकाची दरनिरपेक्ष मानसिकता' आली, तसे त्याने कान टवकारले.

"म्हणजे मी का?"

"तुम्हीच. तुम्हाला पैशांची फिकीर नाही म्हणे."

"अगं, फिकीर कशी नाही! दर घडीघडीला बदलतो आणि त्याची पाटी लावलीये फाट्याच्या पुढे. ती दिसते तेव्हा आपण लेनमध्ये घुसलेलो असतो. मग काय उडून जायचं?"

तिने सगळी पानं चाळली. संशोधकांनी चालकांना त्यांच्या बालपणाबद्दलसुद्धा विचारलं होतं. पाटीबद्दल अवाक्षर नव्हतं.

रविवारी ती स्वतः व्हॅनमध्ये बसून गेली. खात्री पटावी म्हणून तीन फेऱ्या मारायला लावल्या. "तुझं संशोधन मला महागात पडतंय," तिसऱ्यांदा टोल भरताना नवरा पुटपुटला. पाटी फाट्याच्या चांगली तीनशे मीटर पुढे होती.

सोमवारी तिने शेऱ्यात तेवढंच लिहिलं आणि 'पाटी मागे आणावी' अशी पुस्ती जोडली.

साहेबांचा चेहरा आंबला. "बाई, शेरा म्हणजे 'समाधानकारक' किंवा 'अतिशय समाधानकारक'."

"पण साहेब, पाटी..."

"पाटीवर संशोधन कुठे झालंय? उगाच कशी हलवणार?"

त्यांनी शेरा खोडला, ब्याण्णव गुण दिले आणि त्याच संस्थेला पाटीवर दीड वर्षाचं नवं कंत्राट दिलं.

टाचणीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर पाणी मारून ती तळमजल्यावर देखभाल विभागात गेली. तिथला दुरुस्तीचा फॉर्म तीन ओळींचा. वस्तू: पाटी. बिघाड: उशिरा दिसते. उपाय: मागे न्यावी.

मुकादमाने वाचलं. "किती मागे?"

"अर्धा किलोमीटर."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी पाटी नव्या जागी उभी होती.

महिन्याभरात जलद लेन मोकळी झाली. साहेबांनी समारंभ केला आणि संस्थेच्या प्रमुखांना शाल दिली. प्रमुखांनी अहवालाच्या दूरगामी परिणामांवर पाऊण तास भाषण ठोकलं. मग त्यांचे संशोधक पाटीचा अभ्यास करायला गेले, तर पाटी जागेवर नाही. ती कुठे होती हे ठरवायला त्यांनी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली. साहेबांनी ती लगेच दिली.

घरी वेगळीच कुरकुर. आता सगळे साध्या लेनमध्ये घुसत होते आणि पावाची व्हॅन नाक्यावर खोळंबत होती.

"तुझ्यामुळे आज वीस मिनिटं उशीर झाला," नवरा तिच्यावर डाफरला. पण नाक्यावरच्या सगळ्या व्हॅनवाल्यांना मात्र तो सांगत सुटला होता, "पाटी आमच्या हिने हलवली."