ट्रेमधलं आभाळ

आसगावजवळच्या तलावाच्या काठावर माझ्या लॅपटॉपने एका ट्रेमध्ये दोनशे चाळीस मासे मोजले. सुमनबाईंनी तोच ट्रे हाताने मोजला होता. त्यांचे भरले एकशे नव्वद.

पुरवठादाराचा माणूस हसला. "आता बोला बाई. मशीन खोटं बोलते का?"

सुमनबाई मासेमार महिलांच्या सोसायटीच्या अध्यक्ष. तलावात सोडायची बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, दर खेपेला कमी येतात अशी त्यांची तक्रार होती. पुरवठादार म्हणे, बायकांना मोजता येत नाही. म्हणून आमच्या नागपूरच्या छोट्या कंपनीला बोलावलं. कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, सॉफ्टवेअरने मोजायचं. याला मशीन व्हिजन म्हणतात.

ऑफिसात सगळं चोख चाललं होतं. इथे ट्रेच्या पाण्यात आभाळ चमकत होतं, आणि सॉफ्टवेअर त्या चकाकीचे तुकडेही मासे म्हणून मोजत होतं. मी तसं सांगितलं. कुणी ऐकेना. आकडा सगळ्यांनी पाहिला होता. मला सुमनबाईंकडे बघवेना.

कंपनीतल्या सरांना फोन लावला.

"पोलरायझिंग फिल्टर लाव ना."

पाण्यावरून उसळणाऱ्या प्रकाशाची कंपनं बरीचशी एकाच दिशेत असतात. हा फिल्टर नेमकी ती दिशा अडवतो. काही गॉगलही असेच असतात. लावला, फिरवला. फरक शून्य.

सुमनबाई उकिडव्या बसून बघत होत्या. "मॅडम, वरतून काहून पाहून राहिल्या? आमी तं पाण्यातली मासोळी तिरपीच पायतो."

मी थांबले. चकाकीला ती एक दिशा मिळते तिरप्या कोनात. सरळ वरून नाही. कॉलेजात हे शिकले होते. पण सगळे मासे सारख्या आकाराचे दिसावेत म्हणून कॅमेरा मीच ट्रेच्या बरोबर डोक्यावर टांगला होता.

स्टँड कलता केला. फिल्टर हळूहळू फिरवला. आभाळ विरलं, ट्रेचा पांढरा तळ आणि त्यावर वळवळणारी पिल्लं दिसली. आता लांबची पिल्लं लहान दिसत होती. कोडमध्ये ते दुरुस्त करायला तास गेला. तोवर बायका ट्रेमधलं पाणी बदलत राहिल्या.

एकशे अठ्ठ्याऐंशी.

"दोन कमी हायेत," सुमनबाई म्हणाल्या. "एकमेकाच्या खाली गेले असतीन."

पुरवठादाराच्या माणसाने सुमनबाईंच्या आकड्यावर सही केली.

हल्ली नव्या जागी गेले की लॅपटॉप उघडण्याआधी मी विचारते, "हे काम तुम्ही कसं करता?" सरांच्या मते यात अर्धा तास वाया जातो. मी तो घालवते.